ग्रीटिंगचं दुकान बंद झालं, विचारणं थांबलं

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, मी प्राध्यापक नाही, दुकानदार आहे. साताऱ्याच्या राजपथावर आमचं स्टेशनरीचं दुकान होतं. अब्बांनी ते १९७४ साली काढलं. १९८९ पासून मी गल्ल्यावर बसायला लागले. वह्या, पेनं, कंपासपेट्या हा वर्षभराचा धंदा. पण दुकानाची खरी ओळख होती ग्रीटिंग कार्डांची. शुभेच्छापत्र हा शब्द कार्डावर छापलेला असायचा, गिऱ्हाईक मात्र ‘ग्रीटिंग’च मागायचं. म्हणून मीही तोच शब्द वापरणार आहे.

२०१२ साली मी कार्डांचे स्टँड काढून टाकले. आज राजपथावर पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंत चालत जा. मोबाईलच्या काचा आणि कव्हरं विकणारी दुकानं हवी तेवढी दिसतील, पण ग्रीटिंग हा मुख्य धंदा असलेलं दुकान मला तरी दिसत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ईदचं कार्ड हातात घेतलेलं नसेल. ‘आमच्या वेळी किती छान होतं’ असं सांगायला मी आलेले नाही. या दुकानांबरोबर एक काम बंद पडलं, आणि ते काम आता कोण करणार हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवायला आले आहे.

आधी धंदा कसा चालायचा ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माल आणायला मी पहाटेच्या एसटीने पुण्याला जायचे. स्वारगेटला उतरून रविवार पेठेत, बोहरी आळीत. मोठी खरेदी असली की मुंबईला, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर. कार्डं डझनावर मिळायची, लिफाफे वेगळे मोजून घ्यावे लागायचे. विकली गेली नाहीत तर घाऊकवाला परत घ्यायचा नाही. त्यामुळे अंदाज चुकला की पैसे अडकले.

दिवाळीचा अंदाज सोपा होता. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून कुठे जात नाही. ईदचं तसं नाही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. १९९९ च्या जानेवारीत ईद झाली, २००० च्या जानेवारीत पुन्हा झाली, आणि त्याच २००० सालाच्या डिसेंबरअखेर आणखी एकदा. म्हणजे नाताळ, ईद आणि नवं वर्ष एकाच स्टँडवर. ईदच्या कार्डावर सालही नसतं आणि बहुतेकांवर कोणती ईद तेही नसतं, नुसतं ‘ईद मुबारक’. म्हणून रमजान ईदला उरलेला माल सव्वादोन महिन्यांनी बकरी ईदला खपायचा. तरीही उरला तर कागद पिवळा पडेपर्यंत ठेवायचा.

कार्डांची खरी गर्दी रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात, म्हणजे दहाव्या रोज्यापासून विसाव्यापर्यंत. त्यानंतर टाकलेलं कार्ड ईदच्या आधी पोहोचेल याची खात्री नसायची. साताऱ्यात फौजेतली माणसं घरोघरी. कितीतरी लिफाफ्यांवर पत्ता असायचा ‘द्वारा ५६ एपीओ’. जवान सीमेवर कुठे आहे हे घरच्यांनाही माहीत नसायचं, पण त्या पत्त्यावर टाकलेलं कार्ड त्याच्यापर्यंत जायचं. सौदी आणि कुवेतला जाणारी कार्डं तर रमजान लागायच्या आधीच पोस्टात पडायची.

आता थोडा इतिहास. ईदचं कार्ड ही आपली जुनी परंपरा आहे असं काही जण समजतात. आमच्या दुकानात येणारे काही बुजुर्ग उलट म्हणायचे की हा इस्राफ आहे, फाजील खर्च आहे, इंग्रजांची नक्कल आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पाहिली पाहिजे. कार्ड धर्मातून आलेलं नाही, ते टपालातून आणि छापखान्यातून आलं. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं. तीनच वर्षांनी, १८४३ साली, लंडनमध्ये हेन्री कोल या अधिकाऱ्याने हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. नाताळचं पहिलं छापील व्यापारी कार्ड म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. खूप लोकांना पत्रं लिहायला कोलला वेळ नव्हता, म्हणून ही युक्ती. म्हणजे थोडक्यात काम उरकण्याची सोय हीच कार्डाची सुरुवात आहे, हे आजच्या फॉरवर्डला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात पत्र देशात कुठेही जायला लागलं. १८७९ साली पोस्टकार्ड आलं, तेही पाव आण्यात. रेल्वे आली, माणसं नोकरीधंद्याला लांब गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली आणि मुंबईत ईदची कार्डं छापली आणि विकली जायला लागली. त्यातली काही तर युरोपातून आलेली फुलांची नि देखाव्यांची कार्डं होती, त्यांच्यावर इथे उर्दूत ईदचा मजकूर छापून घेतलेला. ज्यांची माणसं लांब होती त्यांची ही गरज होती. त्यात नक्कल किती आणि अस्सल किती हे मोजत बसण्यात अर्थ नाही.

पुढे १९७९ साली दिल्लीत आर्चीज सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईत रिप्पन कपूर यांनी सहा मित्रांबरोबर ५० रुपयांवर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेला कार्डविक्रीतून मोठा आधार मिळाला. युनिसेफ तर १९४९ पासून कार्डं काढत होती, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून. मी हे सांगते, कारण एका काळात कार्ड विकत घेणं म्हणजे एखाद्या चांगल्या कामाला हातभार लावणंही होतं. बँकेतले साहेब लोक मुद्दाम ‘क्रायचं आहे का?’ असं विचारायचे.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

दुकानात कार्ड विकणं हे निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम प्रश्नांची उत्तरं देणं. ज्याला आपल्याच घरच्यांसाठी कार्ड हवं असतं तो प्रश्न विचारत नाही, उचलतो आणि पैसे देतो. विचारतो तो दुसऱ्यांच्या सणाचं कार्ड घेणारा. शाळेतल्या बाई विचारायच्या, “ताई, आमच्या हेडमास्तरांना द्यायचंय. ही कोणती ईद? शेवयांची की बकऱ्याची?” एसटीतला कंडक्टर विचारायचा, “यात उर्दूत काय लिहिलंय? भलतंसलतं नाही ना काही?” मी वाचून अर्थ सांगायचे. एक आजोबा आपल्या कारखान्यातल्या जुन्या जोडीदारासाठी दरवर्षी कार्ड न्यायचे आणि दरवर्षी विचारायचे, “मुबारकचा अर्थ शुभेच्छाच ना?” त्यांना अर्थ माहीत होता, पण खात्री करून घ्यायचे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यायचा मोहरमच्या वेळी. “ताई, मोहरमचं ग्रीटिंग आहे का?” आपल्या सातारा-सांगलीकडे ताबूत आणि पंजे गावाचे असतात, हिंदू घरांतली माणसं नवस बोलतात, सवारीपुढे नाचतात. त्यांच्या दृष्टीने तो सणच. मग मी सांगायचे की मोहरमची दहावी तारीख करबलाची आहे, हुसैन यांच्या शहादतीची आठवण आहे, त्या दिवशी मुबारकबाद देत नाहीत. “कार्ड नको, घरी जा, सरबत प्या, चोंगे खाऊन या.” माणूस हसून जायचा, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तेच सांगायचा.

आज मोहरमच्या दिवशी मोबाईल उघडा. हिरव्या चित्रावर चंद्र, मशीद आणि खाली ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आपल्यातले काही त्याची टिंगल करतात, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात. मला टिंगल करावीशी वाटत नाही. त्या माणसाला ‘हे बरोबर आहे का?’ असं कुणाला विचारावं लागलंच नाही, हे मला दिसतं. पूर्वी शुभेच्छा आणि तो यांच्यामध्ये एक काउंटर होता आणि काउंटरमागे एक माणूस. आता मध्ये कुणीच नाही.

आणि हे एका बाजूचं नव्हतं. आपली माणसं दिवाळीची कार्डं न्यायची तेव्हा त्यांनाही प्रश्न असायचे. “मालकांच्या घरी उन्हाळ्यात म्हातारी गेली. दिवाळीचं कार्ड दिलेलं चालेल का?” मी शेजारच्या दुकानदार काकांना विचारून सांगायचे की घरात कुणी गेलं असेल तर पहिली दिवाळी ते करत नाहीत. कार्ड देऊ नका, नुसतं भेटून या. हे मी शाळेत शिकले नाही, कुठल्या सर्वधर्म परिषदेतही शिकले नाही. धंद्यात शिकले, कारण चुकीचं कार्ड विकलं तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आलं नसतं.

२००४, २००५ आणि २००६ ही तीन वर्षं मला विशेष आठवतात. तिन्ही वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. यात चमत्कार नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं आणि ईदचा चाँद अमावास्येनंतरच दिसतो. दोन्ही महिने जुळले की दोन्ही सण शेजारी येणारच. त्या तीन वर्षी मी दिवाळीचे आणि ईदचे स्टँड शेजारी शेजारी लावले. जागाच तेवढी होती. दिवाळीची कार्डं घ्यायला आलेला माणूस ईदचं एखादं उचलायचा, आणि ईदवाला दिवाळीचं. एरवी ज्याला शेजाऱ्याची ईद कधी आहे हेही माहीत नसतं, त्याला ती समोर दिसायची. त्या तीन वर्षांसारखा कार्डांचा धंदा मला पुन्हा बघायला मिळाला नाही.

मग हे सगळं गेलं कशामुळे?

एका कारणाने गेलेलं नाही. पहिला धक्का एसटीडी बूथने दिला होता, पण तो सोसला. रात्री उशिरा दर कमी व्हायचे तेव्हा लोक रांगेत उभे राहून फोन करायचे आणि कार्डही पाठवायचे. २००३ नंतर मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले, मोबाईल साध्या माणसाच्या खिशात आला आणि एसएमएस सुरू झाले. तुम्हाला आता गंमत वाटेल, पण कंपन्या सणाच्या दिवशी एसएमएसची सवलत बंद ठेवायच्या. ईद, दिवाळी, नवं वर्ष या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे पडायचे, म्हणून लोक आदल्या दिवशीच ‘ॲडव्हान्स ईद मुबारक’ पाठवायचे. त्यानंतर व्हॉट्सॲप आलं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तोवर माझे स्टँड निघून चार वर्षं झाली होती.

दुकानदाराच्या बाजूनेही बघा. एक कार्ड विकायला दहा मिनिटं जायची. गिऱ्हाईक वीस कार्डं उघडून बघणार, मजकूर वाचणार, पुन्हा ठेवणार, कोपरे दुमडणार. त्यातून मिळणार दोन-तीन रुपये. तेवढ्याच जागेत रिचार्ज आणि झेरॉक्स ठेवलं तर गिऱ्हाईक दोन मिनिटांत मोकळं. भाडं वाढत होतं. स्टँड काढताना मला वाईट वाटलं, पण हिशोब समोर होता.

एक मात्र नक्की, टपाल महागलं म्हणून आपल्याकडे कार्ड संपलं असं म्हणता येणार नाही. माझे स्टँड निघाले त्या वर्षीही साध्या लिफाफ्याला ५ रुपयांचं तिकीट लागायचं आणि पोस्टकार्ड ५० पैशांना मिळायचं. लिफाफा न चिकटवता वर ‘बुक पोस्ट’ लिहिलं तर त्याहून कमी. ब्रिटनमध्ये याच्या उलट आहे. तिथे पहिल्या वर्गाचं तिकीट २०१२ साली ४६ पेन्सवरून ६० पेन्सवर गेलं आणि २०२५ साली १ पौंड ७० पेन्स झालं. तिथल्या भर बाजारपेठेतली कार्डांची दुकानंही कोसळली. १९६८ साली सुरू झालेली आणि देशभर शेकडो दुकानं असलेली ‘क्लिंटन्स’ २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘पेपरचेज’ची दुकानं २०२३ मध्ये बंद झाली. पण तिथे कार्ड मेलं नाही. ते सुपरमार्केटमध्ये गेलं, स्वस्त दुकानांत गेलं, इंटरनेटवर गेलं. आज तिथल्या सुपरमार्केटमध्ये ईदची कार्डंही मिळतात. टपाल इतकं महागूनही लोक कार्ड देतात, कारण शेजाऱ्याला, मास्तरांना, सहकाऱ्याला हातात कार्ड देण्याची सवय घरोघरी मुरलेली आहे. आपल्याकडे टपाल स्वस्त होतं, पण सवय एक-दोन पिढ्यांपुरतीच होती. दुकान गेलं आणि तिच्याबरोबर सवयही गेली.

आता दुसरी बाजू मांडते, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट चित्र दाखवलं असं होईल. कार्ड सगळ्यांचं नव्हतं. माझ्या दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी कार्ड म्हणजे नुसतं चित्र. कुवेतला असलेल्या मामूंचं कार्ड यायचं तेव्हा ती ते उलटसुलट करून बघायची आणि मला म्हणायची, वाच. आज ती असती तर मामूंचा चेहरा बघून तासभर बोलली असती. कार्डाला पैसे लागायचे, पत्ता लागायचा, आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला धड पत्ताच नसतो. घरातली कार्डं बहुधा पुरुषांच्या नावाने यायची, ‘श्री. अमुक आणि परिवार’. परिवारातली मी माझं नाव लिफाफ्यावर शोधायचे. म्हणून मोबाईलने काही दिलंच नाही असं मी म्हणणार नाही. त्याने खूप दिलं. पण काउंटरवरचे प्रश्न त्याने घेतले नाहीत.

आता भाषेबद्दल. हा विषय आपला, मराठी बोलणाऱ्या मुसलमानांचा आहे.

माझ्या दुकानात दिवाळीची कार्डं मराठीत यायची, इंग्रजीत यायची. ईदची यायची ती उर्दूत आणि इंग्रजीत. इतक्या वर्षांत घाऊक बाजारातून मला मराठीतलं ईदचं कार्ड मिळालं नाही. आत नस्तालीक लिपीतला सुंदर शेर असायचा, आणि आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलामुलींना तो वाचता यायचा नाही. मी उर्दू नंतर शिकले, दुकानासाठीच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिला. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपल्या घरात, शेतात, कोर्टात, दवाखान्यात मराठी. पण सणाच्या दिवशी एकमेकांना लिहायला मराठीत कागदाचा तुकडा नव्हता.

म्हणून १९९८ साली मी गावातल्या एका छापखान्यातून दोनशे कार्डं छापून घेतली. साधा जाड कागद, एका रंगात चंद्रकोर, आत मराठी मजकूर. मजकुरावर घरात चार दिवस वाद झाला. अब्बा म्हणाले ‘ईद मुबारक’च राहू दे. भाऊ म्हणाला ‘हार्दिक शुभेच्छा’ लिही, सगळ्यांना कळेल. शेवटी वर ‘ईद मुबारक’ आणि खाली एक साधं वाक्य ठेवलं, की तुमच्या घरी आनंद आणि बरकत राहो, आणि आमच्याकडे शिरखुर्म्याला यावं. ती कार्डं कुणी नेली माहीत आहे? निम्मी हिंदू शिक्षकांनी आणि बँकवाल्यांनी. आपल्या माणसांनी हातात घेतली, वाचली आणि ठेवली. एक चाचा म्हणाले, “बेटी, मराठीत ईद म्हणजे पुढाऱ्याच्या बोर्डासारखं वाटतंय.”

त्यांचं ते वाक्य मी विसरले नाही, कारण आज ते अक्षरशः खरं झालं आहे. ईदच्या शुभेच्छा मराठीत रस्त्यावर कुठे दिसतात? पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर. ‘तमाम मुस्लिम बांधवांना रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली पंधरा फोटो. मी त्या फ्लेक्सना वाईट म्हणत नाही. ज्या वर्षी ते लागत नाहीत त्या वर्षी आपल्याला जास्त काळजी वाटते. पण तो मजकूर नीट वाचा. ‘तमाम’ म्हणजे कुणीच वेगळा नाही. ‘बांधव’ म्हणजे भगिनी गायब. ती शुभेच्छा एका गठ्ठ्याला दिलेली असते. व्हॉट्सॲपचं फॉरवर्डही तसंच, एक बोट आणि दोनशे माणसं.

कार्डावर नाव असायचं. ‘तमाम’ला कार्ड पाठवता येत नाही, लिफाफ्यावर एका माणसाचं नाव आणि पत्ता लिहावाच लागतो. पेन हातात घेतलं की आडनावाचं स्पेलिंग आठवायला लागतं, गल्ली आठवायला लागते, ‘आता ते त्याच घरात राहतात ना?’ हे विचारायला लागतं. आपल्याबद्दल एरवी जे बोललं जातं ते बहुतेक अनेकवचनात असतं. ‘ते लोक’, ‘त्यांची वस्ती’, ‘यांची मतं’. टीका करणारेही गठ्ठ्याने बोलतात आणि कड घेणारेही गठ्ठ्यानेच बोलतात. अशा वेळी वर्षातून एकदा कुणीतरी तुमचं नाव लिहून, तुमचा पत्ता शोधून शुभेच्छा देतं, याचं मोल कागदाच्या किमतीत मोजता येत नाही. आणि आपणही दुसऱ्यांना ‘तमाम हिंदू बांधव’ म्हणून ओळखायला लागलो की नुकसान तेवढंच.

मग करायचं काय? दुकानं परत येणार नाहीत. मी स्वतः पुन्हा दुकान काढणार नाही, भाचा त्या जागेत रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम करतो आणि त्याचं बरं चाललं आहे. पण त्या काउंटरवरची तीन कामं तुम्ही करू शकता.

पहिलं काम, यादी करा. येत्या ईदला फॉरवर्ड पाठवायचे तर पाठवा, पण त्याआधी पाच नावं कागदावर लिहा. त्यातले निदान तीन तुमच्या मोहल्ल्याबाहेरचे असावेत. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली सिस्टर, रोजचा रिक्षावाला, बसमधला सोबती. त्यांना हाताने लिहून द्या. छापील कार्ड लागतच नाही, पोस्टकार्ड चालतं.

दुसरं, मराठीत लिहा. तुमच्या घरात जशी बोलता तशीच मराठी, दखनी मिसळलेली असली तरी. उर्दूवर प्रेम असेल तर उर्दूतही लिहा, शिकाही, मी शिकले. पण समोरच्याला वाचता येईल असं एक वाक्य तुमचं स्वतःचं असू द्या. मराठीतली ईद पुढाऱ्याच्या बोर्डासारखी वाटते ना? कारण ती आपण पुढाऱ्यांवर सोडून दिली. चार घरांत मराठी कार्डं फिरायला लागली की वाटणार नाही.

तिसरं आणि सर्वांत अवघड काम म्हणजे प्रश्नांना तयार राहा. मोहरमच्या शुभेच्छा आल्या तर स्क्रीनशॉट काढू नका. त्याच माणसाला फोन करा आणि सांगा, “दादा, आठवण ठेवलीत, बरं वाटलं. हा दिवस आमच्याकडे दुःखाचा मानतात, सरबताला या.” आणि तुम्हालाही शेजारच्या घराबद्दल माहीत नसेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. माझ्या काउंटरवर साहेबांपासून हमालापर्यंत सगळ्यांनी विचारलं आणि कुणाचाही मान गेला नाही.

शेवटी हिशोबातली एक गोष्ट सांगते, कारण दुकानदाराचं डोकं तारखांवरच चालतं. चंद्राचं गणित साधारण ३३ वर्षांनी तिथेच येतं. २००४ ला दिवाळी आणि ईद शेजारी आली होती, ती पुन्हा २०३७ च्या आसपास येईल. तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं शाळेत असतील. त्या आठवड्यात दोन्ही घरांतून फराळाची आणि शिरखुर्म्याची ताटं निघतील की नाही, हे त्या वर्षी ठरणार नाही. ते आजपासून कोण कुणाला नावाने ओळखतं यावर ठरेल. पोस्टकार्ड पोस्टात मिळतं, पत्ते तुम्हाला विचारून घ्यावे लागतील. तिथून सुरुवात करा.